घडीतले फलालीन

माझी मुलगी रादोस्तिना हिला सातवा महिना लागला आहे. शेजारीण गोर्याना हिने परवा प्लोवदिवला तिला बसथांब्यावर पाहिले व मला येऊन सांगितले. माझ्या आजाराबाबत डॉक्टर बालेव्हा यांनी काल स्पष्ट केले की, नाताळपर्यंतचा भरवसा देता येत नाही. या दोन्ही गोष्टी नीट समजून, कोणाच्याही दबावाविना, मी दोन्का मिलेव्हा तोशेव्हा, वय ६८, मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यातली निवृत्त शिवणकामगार, हे लिहीत आहे.

१. द्रियानोवो येथील घर रादोस्तिनाला. स्वयंपाकघराचे छप्पर गळते, ते आधी दुरुस्त करावे.

२. तांब्याची कढई व बिहीची दोन झाडे बहीण योर्दांका हिला. मुरंबा ती माझ्याहून चांगला करते, हे मी हयातीत कबूल केले नाही. तिच्याशी मी का बोलत नाही, ते पुढे येईल.

३. शिलाईयंत्र व कात्री गोर्यानाला.

४. हे कलम रादोस्तिनाने बाळंतपणाआधी वाचावे, पाचवे मात्र नंतर.

आमच्याकडे मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत, अपशकुन मानतात. अकरा वर्षांपूर्वी रादोस्तिनाला, माझ्या रादाला, दिवस गेले होते, तेव्हा तिचा फोन आला. "आई, एक साधं पांघरूण शिव ना. कोणाला सांगू नकोस. मला नुसतं हातात घेऊन बघायचंय."

मी एका दुपारी शिवले. मुलगा दिवस भरून जन्मला, पण रडला नाही. त्याला त्यातच गुंडाळून पुरले. म्हणून ते पांघरूण माझ्या मालमत्तेत धरलेले नाही.

दफनानंतर जेवणाच्या टेबलावर योर्दांका सगळ्यांदेखत म्हणाली, "पाळणा रिकामा असताना शिवायला बसलीस? एवढी वर्षं कारखान्यात काढलीस, अक्कल तिथेच ठेवून आलीस का गं?"

रादा ताटाकडे बघत म्हणाली, "आईनं शिवलं."

मी होकारार्थी मान हलवली. खोटे काहीच नव्हते. त्यानंतर रादा या घरात आली नाही. लोकांना वाटते, ती माझ्यावर रागावली आहे. मला तसे कधीच वाटले नाही.

रादा, नाळ गळ्याभोवती अडकली होती. तू मागितलेस म्हणून नाही, मी शिवले म्हणूनही नाही. मी हे तेव्हाच तुला जवळ घेऊन सांगायला हवे होते. तू येशील, मग सांगू, असे म्हणत राहिले.

५. कपाटात फलालीनचे दोन तुकडे आहेत, हळदी रंगाचे. गोर्याना म्हणते, "आत्ताच शिवून टाक, बाई. हात चालतायत तोवर."

मी म्हटले, "आणि पुन्हा काही झालं तर?"

"तुझा विश्वास आहे यावर?"

आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण रादाला यातली एकही शंका नको.

म्हणून बाळ रडल्याचे कळल्यावरच गोर्यानाने त्याचे पांघरूण शिवावे. कापड आधी गरम पाण्यातून काढावे, ते आटते. सुलट बाजू आत ठेवून चारी कडा शिवाव्या. वीतभर जागा सोडून तिथून उलटवावे, मग ती जागा हाताने बारीक टाके घालून बंद करावी. आत कापूस नको. गोर्यानाचे टाके लांब पडतात, तिने घाई करू नये.

"आणि नाहीच कळलं, तर?" तिने विचारले.

तर कापड तिने स्वतःच्या घरी न्यावे. रादाच्या नजरेस पडू नये.

दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरतात. तेव्हा मी नसेन. फोन गोर्यानाकडे येईल.

द्रियानोवो, २७ ऑक्टोबर २०१४
दोन्का मि. तोशेव्हा (सही)

आमच्यासमोर तिने स्वहस्ते सही केली:
डॉ. इस्क्रा बालेव्हा (सही)
खारलांपी द. मुताफोव्ह, औषधविक्रेते (सही)