सूज उतरली तरी

खुशबूचे बाबा,

मी खुशबूले घेऊन नागपूरले चालली. तुमचा फोन लागून नाही राहिला. गजेंद्र भाऊजी सोबत आहेत. कपडे घ्यायले घरी आलो, गाडी दारात उभी आहे.

तिच्या गुडघ्यांची सूज उतरली तेव्हा तुम्ही म्हणाले, संधिवात गेला, आता दवाखाना बंद. पण ताप हटलाच नाही, अन् आज दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाले, आजार गेला नाही, उलटला आहे. रोगासंग लढणाऱ्या तिच्या पेशीच आता तिचं रक्त खाऊन राहिल्या. सूजही त्यानंच उतरली. औषध लवकर मिळालं तर वाचते.

मी विचारलं, "अन् उशीर झाला तर?" ते चिठ्ठी लिहायले लागले, म्हणाले, आजच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. म्हणून तुमले न विचारता निघाली.

आईले एवढं सगळं सांगू नका, ताप आहे म्हणा. भात झाकून ठेवला आहे.

मी लिहून राहिली ते पाहून खुशबू म्हणते, "बाबा रागावतीन." मी म्हटलं, "रागवायले तरी नागपूरले येतीन."

या.

अल्का