अनोळखी बाईचं नाव

१४ ऑक्टोबर २००५, शुक्रवार

आज गॅरीची जिरवली. वाईट वाटायला हवं का? नाही वाटत.

बॉस झाला म्हणून काय झालं! शंभर वर्षांपूर्वीचा तो फोटो म्युझियमसाठी मी स्कॅन केला. ओजिब्वे या मूळ अमेरिकन जमातीतली बाई भूर्जाच्या सालीची टोपली शिवतेय, अंगठा वाकडा. त्या अंगठ्यावरूनच, त्याच जमातीतल्या डोनाआजींना मी फोटो दाखवला तेव्हा, त्यांनी ओळखलं. "ही माझी आजी, अ‍ॅग्नेस," म्हणाल्या आणि किती वेळ त्या अंगठ्यावर बोट ठेवून बसल्या. मी लेबलवर नाव घातलं. गॅरीनं डिलीट केलं. "नावं कोण वाचतं?" मग छापलं काय, तर 'अनोळखी इंडियन स्त्री'. आणि खाली स्वतःचं नाव, ठळक!

म्हणून आज प्रदर्शनाच्या ओपनिंगला डोनाआजींना मी मुद्दाम बोलावलं. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि 'अनोळखी' खोडायला लागल्या. गुळगुळीत कागदावर शाई उमटेना.

"थांबव त्यांना!" गॅरी माझ्या कानाशी फिसकारला. चेहरा लालबुंद.

मी लगेच गेले, आणि डोनाआजींच्या हातात माझा जाड काळा मार्कर दिला.