बा म्हणजे ये

बा, मला परत भीती वाटायला लागली आहे. दुपारी जेवून जरा आडवी झाले की तेच स्वप्न पडतं, आणि महिन्याभरापासून जागेपणीही ते पिच्छा सोडत नाही. तू गेलास त्या वयाच्या दुपटीहून मोठी म्हातारी झाले मी, तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की आठ वर्षांचीच होते.

मला आठवतं ते असं. आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्याच्या पुढचा उन्हाळा. दुर्गदबैलच्या बाजारातली अरुंद गल्ली, धान्याचं दुकान, तिथे तू हमाल. मी दुपारची भाकरी घेऊन येते आहे. एक लॉरी उलटी मागे येते आहे आणि तू तिच्याकडे पाठ करून भिंतीशी वाकला आहेस, पोतं पाठीवर घ्यायला. क्लीनर कुठे दिसत नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडते, "बा! बा!" आपल्या घरात बा म्हणजे बाप. ड्रायव्हर कानडी, त्याच्या भाषेत बा म्हणजे ये. लॉरी मागे घेताना क्लीनर हेच ओरडतात, बा, बा, बा. त्याला वाटलं मागे जागा आहे, आणि तो येत राहिला. माझ्या हाकेने तू मात्र वळलास आणि माझ्याकडे पाहिलंस. घाबरून नाही, भाकरी आली का म्हणून रोज पाहायचास तसंच. या शब्दावरून तू मला किती चिडवायचास. शेजारच्या कानडी पोरी हसायच्या तेव्हा म्हणायचास, हाक मारतेस का बोलावतेस ते एकदा ठरव, म्हणजे मला यायला बरं.

स्वप्नात सगळं असंच असतं, फक्त मी जागेवर राहत नाही. कधी मी स्टिअरिंग धरून बसलेली असते आणि मागून कुणी पोरगी बा, बा म्हणते, मी खुशाल लॉरी मागे घेत राहते. कधी मीच भिंतीशी वाकलेली असते आणि पाठीवर तुझं पोतं असतं. जाग आल्यावर मी कोण आहे हे आठवायला वेळ लागतो. उठून बसते, बांगड्या चाचपते, मग पटतं. तू गेल्यानंतर बा हा शब्द मी कधी तोंडातून काढला नाही. माझ्या मुलांना त्यांच्या बापाला पप्पा म्हणायला शिकवलं. नवरा हसला, म्हणाला फार शहरी झालीस. मी त्यालाही खरं सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात केलगेरीला तुझ्या थोरलीकडे, अक्काकडे गेले होते. ती मेथी निवडत होती, मी मदतीला बसले. का कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं, की आपल्या बापाला मी मारलं. अक्काचे हात थांबले.

"तू कुठं होतीस गं तिथं?" ती म्हणाली. "तू गोवरानं फणफणून घरात पडलीव्हतीस. भाकरी घिऊन मी गेल्ते. हाक मी मारली."

मी म्हटलं, मला त्याचा वळलेला चेहरा आठवतो. ती म्हणाली, त्या सांजेला मी तुझ्या उशाशी बसून आईला सांगत होते, रडत होते, ते तू तापात ऐकलं असशील. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, सुम्न कूड, गप बस आता. मग परत मेथी निवडायला लागली. सत्तर वर्षं ती हे पोटात घेऊन बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

अक्काचं खरं धरलं तर मी सुटले. मला हलकं वाटायला हवं होतं, पण परतीच्या बसमध्ये मी बांगड्या चाचपत बसले. मी तिथे नव्हतेच, तर आयुष्यभर भीत आली ती बाई कोण? ती भीती वजा केली तर माझ्यात माझं असं काय उरतं, ते मला सांगता येत नाही. आणि गोवरात पडलेली ती पोरगी मला आठवतच नाही. अंथरूण आठवत नाही, ताप आठवत नाही, कडुनिंबाचा पालासुद्धा नाही. आठवते ती गल्ली, आणि मान वळवणारा तू.

अक्काला वाचून दाखवायचं म्हणून हे लिहायला घेतलं होतं. तिला एकदा म्हणायचं होतं की हाक माझीही होती, थोडा भार मला दे. आता दाखवणार नाही. तिने पुन्हा सांगितलं की तिथे तीच होती, तर मला ऐकावं लागेल. ती हाक तिची तिने खुशाल न्यावी. पण बा, तू वळून पाहिलंस ते मी तिला देणार नाही.