रुख्मिणीला परत आणलं

बोरी, ता. जिंतूर
११ मे १९८९

प्रिय दादा,

मला इथं येऊन आज नऊ दिवस झाले. तू मुंबईला गेला आहेस आणि महिनाअखेरीपर्यंत तिथल्या लॉजवरच असशील, असं आईनं सांगितलं. पोरगी सुट्टीवर आलीय, महिन्यानं परत जाईल, असं ती शेजारणींना सांगत असते. मी तिला अजून काही बोलले नाही. तुला मात्र सांगते, मी परत जाणार नाही. दवाखान्यानं माझा करार पुढं वाढवला नाही. का वाढवला नाही ते समोरासमोर सांगायला गेले असते तर तू मध्येच 'बस्स झालं हेमा' म्हणून उठला असतास. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

कुवेतहून सहा वर्षं मी जी पत्रं लिहिली त्यांत खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. रस्ते गुळगुळीत आहेत. दवाखान्यात कोणालाही औषध मिळतं, कोणाची चिठ्ठी लागत नाही. आपल्याकडं आधी आडनाव विचारून माणसाची जागा ठरवतात, तसं तिथं माझं कोणी केलं नाही, आणि सुरुवातीला मला ते लय बरं वाटलं. हळूहळू कळलं, की तिथं पासपोर्ट कुठला ते बघतात. एका वॉर्डात, एका पाळीत, तेच काम करणाऱ्या आम्हा चौघींचे पगार वेगळे होते, कारण चौघींचे देश वेगळे. आमच्या लॅबमधला सामी तिथंच जन्मला, तिथंच शिकला. पण आईबाप पॅलेस्टिनी, म्हणून तो जन्मभर परकाच. चाळिशी ओलांडलेला तो माणूस एकदा मला म्हणाला, "सिस्टर, नोकरी गेली तर मी कुठल्या देशात परत जाऊ?"

उन्हाळ्यात दुपारी बांधकामावरची माणसं बेशुद्ध होऊन यायची. आपल्याकडं वैशाखात माणूस निदान लिंबाखाली तरी टेकतो. तिथं ऐन दुपारी काम थांबवायचा कायदाच नाही. अंगाला हात लावला तर चटका बसायचा, आम्ही बर्फ फोडून त्यांच्या काखेत ठेवायचो. शुद्धीवर आल्यावर तेलुगू असो, बंगाली असो, पहिला प्रश्न एकच, मुकादमानं गैरहजेरी तर लावली नाही ना? हे काम सोडून दुसरं बघावं, असं त्यांना म्हणायचीही सोय नव्हती. ज्याच्या नावावर माणूस त्या देशात येतो त्याला कफील म्हणतात. पासपोर्ट त्याच्या कपाटात. त्यानं हो म्हटल्याशिवाय दुसरी नोकरी नाही, त्याची सही झाल्याशिवाय विमान नाही, आणि तक्रार करायची ती त्याचीच. न सांगता निघून गेलं तर तो गुन्हा. घरकामाला आणलेल्या बायकांची गत त्याहून वाईट, कारण कामगारांचा जो काही कायदा आहे त्यात त्या मोडतच नाहीत. सुट्टी किती, काम किती तास, कोणी विचारायचं नाही.

मागच्या नोव्हेंबरात अशीच एक बाई आमच्या वॉर्डात आली. दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पडलेली. दोन्ही टाचांची हाडं चुरलेली, कंबरेला मार. दाराशी पोलीस बसवलेला, कारण कफीलानं ती पळून गेल्याची फिर्याद दिली होती. तिला अरबी येत नव्हती, हिंदी मोडकीतोडकी. मी तिच्या नाडीवर हात ठेवला आणि सवयीनं पुटपुटले, "घाबरू नको बाई." तिनं डोळे उघडले. म्हणाली, "तुमी मराठी हाव का?" मग माझ्याकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "तुमीच हेमाताई न्हवं? फोटूत पाह्यलंय तुमाला. तुमच्याच भरवशावर आले म्या."

ती आपल्या बोरीची रुख्मिणी होती, दादा. धुरपताबाईची विधवा सून. मी गाव सोडल्यावर ती इथं लग्न होऊन आली, म्हणून मी तिला ओळखत नव्हते. परभणीच्या तुझ्या खोलीत माझा नर्सच्या कपड्यांतला फोटो टांगलेला आहे, आणि 'हिच्याच दवाखान्यात साफसफाईचं काम, हिच्याच नजरेखाली राहायचं' असं सांगून तू बायका कुवेतला पाठवतोस, हे मला तिच्याकडून कळलं. तिनं ज्या कागदावर अंगठा दिला तो घरकामाचा होता. दोन मुली सासूजवळ ठेवून ती निघाली आणि चौदा महिने एका घराबाहेर पडली नाही. "म्या पळाले न्हाई ताई," ती सारखी म्हणायची. "दार लावलेलं व्हतं. मला नुस्तं खाली उतरून कुनाला तरी ईचारायचं व्हतं, हेमाताईचा दवाखाना कंच्या अंगाला हाय."

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मालकिणीकडं गेले. वाटलं होतं, एखादी कजाग बाई असेल. ती माझ्याहूनही लहान निघाली, कडेवर तान्हं मूल. मला खजूर दिले, कॉफी दिली. तुम्ही दार का लावायचात, असं मी विचारलं तर तिला माझाच प्रश्न कळेना. म्हणाली, "ती बाहेर गेली आणि तिला काही झालं तर सरकार मलाच धरणार. शिवाय दोन वर्षांसाठी आणलीय, अजून पुरी व्हायची आहेत." तिच्या मनात पाप नव्हतं. कायद्यानंच तिला दुसऱ्या माणसाची धनीण करून ठेवलं होतं, आणि शेजारीपाजारी सगळेच कुलपं लावत होते. तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हिच्याशी काय भांडू?

तरी भांडले. आमची डॉक्टरीण कुवेतचीच होती. तिनं पडण्याचं कारण अहवालात जसं होतं तसं लिहिलं, एक शब्द मवाळ केला नाही. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. आपल्या वकिलातीत सात खेपा घातल्या. पाच महिन्यांनी फिर्याद मागं घेतली गेली, तिचा पासपोर्ट मिळाला, आणि मी तिला घेऊनच परत आले. त्या सहीनंतर माझा करार वाढणार नाही हे मला दिसतच होतं. तरी केली.

तुला हे ठाऊक नव्हतं, कागदावर काय लिहिलंय ते तूही वाचलं नव्हतंस, असं मी विमानात स्वतःला समजावत होते. इथं आल्यावर धुरपताबाई भेटली. तिनं तुला चारदा विचारलं म्हणे, सुनेचं पत्र का येत नाही? आणि तू चारही वेळा म्हणालास, "मजेत हाय, हेमा रोज भेटती तिला." दादा, हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा मी औरंगाबादच्या हॉस्टेलवर अडकले होते. एसट्या बंद. तू देवगाव फाट्यावरून सरकीच्या ट्रकात बसून मला न्यायला आलास. माझ्या खोलीतली नर्मदा बौद्ध वस्तीतली. मी काही म्हणायच्या आधीच तू तिला म्हणालास, "चल, तुझी बी पेटी घे." रस्त्यात दोनदा ट्रक अडवला. ह्या कोण, विचारलं तेव्हा तू लोकांच्या हातांतल्या काठ्यांकडं बघून म्हणालास, "दोघी बी माझ्या बहिणी हायत." आधी तिला सेलूजवळ तिच्या आईच्या हवाली केलंस, मगच बोरीची वाट धरलीस. मी त्या माणसाला हे पत्र लिहिते आहे. तू आता दुसराच कोणी झाला असशील, तर त्याला लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

माझी चूकही लिहिते. आईला घोर नको म्हणून मी नुसतं गोडगोड लिहीत राहिले. तू ती पत्रं पारावर वाचून दाखवलीस आणि बायका त्यावर भुलल्या. तुझ्या बोलण्यापेक्षा माझ्या अक्षरानं त्यांना जास्त फसवलं.

पुढच्या महिन्यात आणखी तिघी जाणार आहेत, हे आईच्या बोलण्यातून कळलं. मंगळवारी मी पोखर्णीला जाऊन तिघींना भेटले. सगळं सांगितलं. एक रडायला लागली. सरजाबाई म्हणून आहे, ती ताडकन म्हणाली, "तुमचं भलं झालं, आमचं व्हायलंय तर डोळ्यात खुपतंय व्हय?" मी तिला दोष देत नाही. उद्या रुख्मिणीला बैलगाडीत घालून तिच्यासमोर नेणार आहे. रुख्मिणी काठी टेकत दहा पावलं चालते, मग बसते. ते तरी तिनं बघावं.

आता पत्र लिहिण्याचं कारण. सोमवारी, बावीस तारखेला, सकाळी अकरा वाजता मी रुख्मिणीला घेऊन जिंतूरच्या पोलीस ठाण्यात जाणार आहे. परवान्याशिवाय परदेशी कामाला माणसं पाठवायला कायद्यानं बंदी आहे, हे मी वकिलाला विचारून पक्कं केलंय. जबाबात आधी माझ्या पत्रांचं आणि फोटोचं लिहून देणार, मग बाकीचं. पोखर्णीच्या तिघींचे पासपोर्ट तुझ्याजवळ आहेत. ते घेऊन रविवारी संध्याकाळपर्यंत बोरीला ये. मी तुला धमकी देत नाही, आणि तुला वाचवतही नाही. वकील म्हणाले, आपल्या पायांनी आलेल्या माणसाचं थोडं तरी ऐकून घेतात. तुला शिक्षा झाली तर आईला मी सांभाळीन. परभणीच्या एका डॉक्टरांकडं पहिल्या तारखेपासून नोकरी धरली आहे. पण आईला हे सांगायचं काम मी करणार नाही. ते तू तिच्याजवळ बसून, तुझ्या तोंडानं सांगायचं. तू आलास तर ठाण्यात तुझं नाव तू सांगशील. नाही आलास तर मी सांगेन.

तुझीच,
हेमा