मेणबत्तीच्या रांगेतला शब्द

काउंटी मेयो,
११ नोव्हेंबर २०१४

प्रिय नोरीन,

कशी आहेस, असं विचारवत नाही. तुझ्या लोरेननं फोनवर सांगितलं, की आता तुला चहासुद्धा चमच्यानं पाजावा लागतो. इथे सगळे बरे आहेत. तुमच्या जुन्या घरात डब्लिनचं एक जोडपं राहायला आलंय. दाराला पिवळा रंग दिलाय. तुला आवडला नसता.

माझी पत्रं लोरेन तुला वाचून दाखवते हे कळल्यावर आधी लिहिलेली दोन मी शेगडीत टाकली. हे तिसरं.

रविवारी चर्चच्या दारात फादर कोयन यांच्या हातून किल्ल्या पडल्या. "फेक्," ते म्हणाले, आणि म्हाताऱ्या बायका हसल्या. आता कुणाला काही वाटत नाही. धड शिवीसुद्धा नाही ती. खरी शिवी तोंडात यायच्या आत तिच्यावर घातलेलं पांघरूण. तुझे बाबा तर गाढवीलाही लाडानं म्हणायचे, "चल की गं, फेक्, किती नखरे!"

आणि माझी आई. दुकानदाराची बायको, हातमोजे घालून चर्चला जाणारी. पाव करपला की तीही म्हणायची, मागचं दार लावून घेऊन. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

अडुसष्टच्या फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाला, आपण नन्सच्या शाळेच्या प्रार्थनाघरात, हातात मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या होतो. सगळं शांत. ऊन मेण बोटावर ओघळलं आणि तो शब्द ऐकू आला. सिस्टर बेनिग्ना वळल्या. कोण, असं त्यांनी विचारलंही नाही.

"नोरीन गिल, असले शब्द कुठल्या घरात बोलतात ते मला माहीत आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी वेदीकडे पाहत राहिले.

शिक्षिका व्हायचं तुझं ठरलेलं होतं. त्यासाठी लागणारं वर्तणुकीचं पत्र सिस्टरनी तुला दिलं नाही. मला दिलं. जूनमध्ये तू कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात गेलीस, आणि मी अडतीस वर्षं शिकवलं. वर्गात एखादी पोर तसं बोलली की मी खडू शोधायचे, ऐकू न आल्यासारखी.

लोरेन फोनवर हसत म्हणाली, "उना मावशी, आई सांगते ना, एका शब्दापायी नन्सनी तिचं शिक्षण बुडवलं. तोंडच तसलं तिचं." म्हणजे कुणाचा शब्द, हे तू स्वतःच्या मुलीलाही सांगितलं नाहीस. शेहेचाळीस वर्षं.

लोरेन, बाळा, इथे थांबू नकोस. पुढचं मोठ्यानं वाच. तिला कमी ऐकू येत असेल तर दोनदा वाच.

मेण माझ्या बोटावर सांडलं होतं. शब्द माझ्या तोंडून गेला. तुझ्या आईच्या तोंडून नाही.

नोरीन, त्या दिवशी तुझ्या उजव्या हाताला उभी असलेली,
उना