मिहीर स्पेशल नंबर एक

शनिवार, २ नोव्हेंबर. पाडवा.
सासरे वेंगुर्ल्याहून आमच्याकडे कतारला आले त्याला आज नऊ दिवस झाले. अप्पा एरवी लाख माणूस. पण आज फराळाला इथल्या महाराष्ट्र मंडळाचे लोक जमले आणि अप्पांनी पुन्हा माझी तीच गोष्ट सांगितली. मी मुलगी बघायला गेलो होतो, ताटात तिसऱ्या होत्या, मी पुण्याचा, मला काय माहीत आत काय असतं. एक शिंपल्यासकट चावली आणि होणाऱ्या सासूबाईंना म्हणालो, मस्त कुरकुरीत झालंय. बारा वर्षं झाली. दाढ गेली ती गेलीच, गोष्ट काही जात नाही.
बायको गार्गी पदर तोंडाला लावून हसत होती. अप्पांनीच लग्नात दिलेली पैठणी नेसली होती.
संकल्प: अप्पा परत जाण्याआधी त्यांना माझ्याबद्दल सांगायला एक नवीन गोष्ट द्यायची. माशांच्याच विषयात. घरात घुसून मारणे म्हणतात ते हेच.

मंगळवार, ५ नोव्हेंबर. मेसईदच्या कामावरून परतताना, बसमध्ये.
अभ्यास जोरात. साल्मन आणि ट्राउट फिशिंगचे एकतीस व्हिडिओ झाले. स्कॉटलंडचा एक दाढीवाला म्हातारा शिकवतो. हे लोक आमिष लावत नाहीत. पिसं आणि चमकता दोरा गळाला बांधून खोटी माशी करतात, ती पाण्यावर नाचवतात, मासा फसतो. डोक्याचं काम आहे. कोळंबी लावून कोणीही पकडेल.
कतारमध्ये साल्मन नाही, ट्राउटही नाही. पण फंडामेंटल्स तेच. मासा तो मासा.
उत्तरेला समुद्राकाठी एक ‘रिमोट वाइल्डरनेस लॉज’ सापडलं. गाइडसकट. दोन रात्री, अप्पा आणि मी. बुकिंग केलं, खलास.

शनिवार, ९ नोव्हेंबर. दुपार.
रॉड आला. छातीपर्यंत येणारी रबरी पँटही आली, साल्मनवाले घालतात ती. सोफ्यावर बसून पाहिली. उठताना लेकीने, ईराने हात दिला.
माशी बांधायला बसलो. पिसं ईराच्या क्राफ्टच्या डब्यातून घेतली. चमक मात्र जमेना. टिकलीचा कागद लावला, पाण्यात विरघळला. म्हातारा म्हणतो, मेटॅलिक थ्रेड हवा, क्वालिटीत तडजोड नको.
गार्गी बाहेर गेली होती, ईराला सरप्राइज आहे म्हणून सांगितलं. पैठणी ड्रायक्लीनहून येऊन कपाटात होती. साडीला दोन टोकं असतात, एक मिरवायचं आणि एक खोचायचं. खोचायचं टोक कोणी बघत नाही. घडीच्या आत जे असतं ते अर्थातच खोचायचं. तिथून जेमतेम दीड इंच जर घेतली. इतक्या मोठ्या साडीत दीड इंच म्हणजे काहीच नाही.
माशी देखणी झाली आहे. नाव: मिहीर स्पेशल नंबर एक.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.
बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सराव. पहिल्याच फेकीत दुसऱ्या मजल्यावरचा वाळत घातलेला पांढरा झगा आला. ताकद भरपूर आहे, दिशा बघायला हवी. बिल्डिंगचा वॉचमन युसुफ शिडी घेऊन आला. त्याने हिंदीत विचारलं की साब, मछली उधर है? मी ट्रेनिंग म्हणून सांगितलं. तो खुर्ची आणून बसला.
अप्पा गॅलरीतून बघत होते. म्हणाले, जावयबापू, ह्या कित्याक? मी टेक्निक समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन झोपले.

रविवार, १७ नोव्हेंबर.
शनिवारी संध्याकाळी परतायचं, त्याच दिवशी जेवण ठेवलंय. मंडळातल्या चार घरांना आवतण दिलं: मी स्वतः धरलेला मासा. गार्गीने विचारलं की सुपरमार्केटमधून सुरमई आणून ठेवू का, वेळेला असावी. मी साफ नाही म्हटलं. घरातूनच विश्वास नसेल तर माणसाने काय करायचं?
गार्गी म्हणाली, बाजारात तुरी. पुढचं मी ऐकलं नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर. सायंकाळी ६.
लॉज म्हणजे चार पोर्टाकॅबिन, एक जनरेटर आणि एक बकरी. वाइल्डरनेस आहे यात वाद नाही.
गाइड जहूरभाई, मूळचे जैतापूरचे. अप्पांना कोकणातला माणूस मिळाला, झालं. दोघांच्या गजाली सुरू. वेंगुर्ला, जैतापूर, कुठला तांडेल कधी वारला. पैसे मी भरले, गाइड अप्पांना मिळाला.
जहूरभाईंनी विचारलं की तुमचं आमिष कुठाय. मी डबी उघडून नंबर एक दाखवली. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली आणि छान आहे, कानातलं एकच का आणलंत म्हणाले.
अप्पांनी पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली. तिला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळलेली. एवढंच त्यांचं सामान. वाईट वाटलं. उद्या थोडं शिकवीन त्यांना.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर.
पहाटे ५.४०. रबरी पँट चढवली. जहूरभाई म्हणाले होडीत बसायचंय, पाण्यात उतरायचं नाही. मी म्हटलं, तयारी असावी.
७.१५. फेक पहिली: जहूरभाईंची टोपी. फेक चौथी: माझीच पँट. अप्पांनी बाटलीवरून तीन शेरी काढल्या. लहान मासे आहेत.
८.३०. अप्पा सात. पण कोळंबी लावून. पँटच्या आत घामाचं पाणी घोट्याच्या वर आलंय.
९.५०. ओढ लागली. प्रचंड. रॉड वाकून गोल झाला, मी बाकावरून खाली, आणि तंगूस तुटली. नंबर एक गेली. जहूरभाई म्हणतात खडक होता. खडक डावीकडे पळत नाही. निदान पंचवीस किलोचा असणार.
अप्पांना विचारलं, तुम्ही पाहिलंत ना. ते म्हणाले, मी माझ्या दोरीकडे बघी होतंय.
दुपारी २. पँट काढायला जहूरभाई आणि स्वयंपाकी दोघे लागले. संध्याकाळी विश्रांती. हा खेळ संयमाचा आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर. दुपारी १.
मासा आहे. हमूर, चार किलो. कालच्याच जागी मिळाला. दोरी अप्पांच्या हातात होती, हे खरं. पण मला मळमळायला लागलं म्हणून होडी त्या जागी थांबवली, आणि थांबवा असं मी सांगितलं. जागा निवडणे हे निम्मं काम. व्हिडिओतला म्हातारा पण तेच म्हणतो.
गार्गीला फोन केला. मासा मिळाला, एवढंच सांगितलं. कोणाला, ते तिने विचारलं नाही.
गाडीत मात्र एकच विचार. लोक जेवायला येणार आणि अप्पा खरं सांगणार. सांगतीलच, का नाही सांगणार. मला एक साधा मासा हवा होता. बांगडासुद्धा चालला असता.

रविवार, २४ नोव्हेंबर. सकाळी ५.५०, मेसईदची बस.
कालचं लिहून टाकतो.
अप्पांनी मासा स्वतः साफ केला, कोणाला किचनमध्ये येऊ दिलं नाही. पंगत बसली. कोणीतरी विचारलं की कोणी धरला. मी पाणी मागितलं. अप्पा म्हणाले, दोघांनी मिळून. आणि डोकं माझ्या ताटात वाढलं. आमच्या सासरी डोकं मानाच्या माणसाला देतात. बारा वर्षांत मला शेपटी मिळत आली. अप्पा म्हणाले, कल्ले नीट बघून खावा. माझे डोळे भरून आले. रस्साही तिखट होता.
कल्ला उचलला. आत घशाशी गळ. पिसं गेलेली, पण जर तशीच लखलखीत. नंबर एक.
म्हणजे माझ्याच माशाने अप्पांची कोळंबी खाल्ली होती. आणि अप्पांना ते साफ करतानाच दिसलं होतं, मुद्दाम ठेवलं होतं माझ्यासाठी. आता इथे शहाण्या माणसाने पुढचा घास घेतला असता.
मी उभा राहिलो. गळ चमच्याने वर धरला. अकरा माणसांना समजावून सांगितलं की ही माझी माशी, स्वतः बांधलेली, कालच मासा हिला लागला होता. आणि चमक बघा. टिकलीबिकली नाही, अस्सल येवल्याची जर आहे, हाताने विणलेली.
गार्गी भात वाढत होती. ती थांबली. हळू आवाजात विचारलं, कुठली जर. ईरा इंग्रजीत म्हणाली की डॅडींनी मम्माचं कपाट उघडलं होतं, म्हणाले होते सरप्राइज आहे.
गार्गी आत गेली. पैठणी घेऊन आली. तर घडीच्या आत पदर असतो. हे मला कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. पदरावर चार मोर आहेत, त्यातल्या एकाला मान नाही.
मग अप्पांच्या पोटातून हसू सुरू झालं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटतं तेवढ्याने मी वाचलो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर.
रफूवाला म्हणतो मान जमणार नाही, येवल्याला पाठवा.
अप्पा रोज सकाळी वेंगुर्ल्याला फोन लावतात. भावाला झाला, मेहुण्याला झाला, आज त्यांच्या बँकेतल्या जुन्या शिपायाला. मी दाढी करताना ऐकतो. आमच्या जावयान चेडवाची पैठणी माशाक नेसवल्यान, असं सुरू होतं. चांगलं रंगवून सांगतात.
उद्या अप्पा, गार्गी आणि ईरा जहूरभाईंकडे चाललेत. बाटलीला तंगूस गुंडाळून झाली. मी घरी, पैठणीचं पार्सल बांधायचंय.
तिसऱ्यांची गोष्ट मात्र आता कोणी काढत नाही.