माईच्या हॉटस्पॉटवर व्हिएतनाम

२ जुलै, दुकान, बोईसर

आजपासून रोजनिशी. आयुष्यात काहीतरी मोठं घडणार आहे, तेव्हा रेकॉर्ड असावं.

परिस्थिती अशी. घिवलीच्या रुचिताला बघून आलो. मला पसंत. पसंत म्हणजे काय, त्या दिवसापासून घास उतरत नाही. पण तिची आई, सगळे तिला माई म्हणतात, ती हो पण म्हणेना, नाय पण म्हणेना. काल निरोप आला म्हणून गेलो. माई म्हणाली, मासेमारी बंद हाय, होड्या वर वडल्या, सुकटीचं काम नाय. आमी तिघी बाया व्हिएतनाम फिराया चाललो. फोनमधला जानकार कोनतरी पायजे. तू चल. आठ दिस तुला बघते, मंग सांगते.

म्हणजे परीक्षा. आणि विषय कुठला, तर फोन! अहो, नवापूर रोडला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे माझं. दिवसभर लोकांचे माईक चेक करतो, हॅलो, आवाज येतोय का, हॅलो, आवाज येतोय का. पेपर आपल्या घरात सेट झालेला आहे.

रुचिताशी त्या दिवशी ओटीवर दहा मिनिटं एकटं बोलायला दिलं होतं. तिने विचारलं, तुला काय काय आवडतं? मी तिचा फोन मागून घेतला आणि स्टोरेज साफ करून दिलं. अडीच जीबी कचरा निघाला. ती नुसती बघत राहिली. इम्प्रेस झाली असणार.

५ जुलै, दुकान

पालघरच्या एजंटकडे तिकिटं घ्यायला गेलो. तो म्हणाला, तिकडे गाइड घ्या. मी म्हटलं, गाइड तुमच्यासमोर बसलाय. तो म्हणाला, मग निदान एअरपोर्टवर सिमकार्ड घ्या. हसलो. कार्ड कोण घेतं आजकाल? मी ई-सिम घेतलं. नुसता क्यूआर कोड येतो, तो स्कॅन केला की संपलं. आला पण. मेलमध्ये आहे.

ऑफलाइन मॅपपण डाऊनलोडला लावला. दुकानाच्या वायफायवर, बोईसरमध्ये बसून, आख्खा परदेश खिशात. एक बटण दाबलं, झालं. उघडून बघितला नाही. बघायला मी काय गिऱ्हाईक आहे?

मध्येच रुचिताचा फोन आला. कट केला. डाऊनलोड तुटलं असतं.

७ जुलै, हनोई एअरपोर्ट

छोटा टेक्निकल इश्यू.

क्यूआर कोड माझ्याच फोनमध्ये आहे. स्कॅन करणार पण माझाच फोन. फोनने स्वतःच्या पोटातलं स्कॅन कसं करायचं? बाथरूमच्या आरशासमोर धरून बघितला. कॅमेरा उघडला की कोड जातो, कोड उघडला की कॅमेरा जातो. वीस मिनिटं केलं. एक गोरा माणूस हात धुऊन गेला, दुसऱ्यांदा आला तरी मी तिथेच.

बाहेर आलो तर माईच्या फोनमध्ये सिम. काउंटरवरच्या पोरीला फोन दिला आणि बोट दाखवलं म्हणे, बस. रुचिताशी बोलणंपण झालं. काशीमावशी (माईची धाकटी बहीण) म्हणाली, तुजा चालतो का रं? मी म्हटलं, माझा स्टँडबायवर ठेवलाय.

सध्या माईच्या हॉटस्पॉटवर आहे. पासवर्ड रुचिताने सेट केलेला: सुकट१२३. तात्पुरती सोय.

८ जुलै, हनोई, रात्रीचं जेवण झाल्यावर

हॉटस्पॉटची रेंज दहा पावलं. म्हणजे मला होणाऱ्या सासूच्या दहा पावलांत राहावं लागतं. माई दुकानात, मी दुकानात. माई चहाला, मी चहाला. माई लेडीज टॉयलेटमध्ये गेली तेव्हा नेट गेलं, म्हणून दाराशी जाऊन उभा राहिलो. सिक्युरिटीवाला आला. त्याला काय सांगणार, आणि कुठल्या भाषेत? नलूताई (माईच्या शेजारच्या) मध्ये पडल्या. त्यांनी हाताने कपाळाकडे काहीतरी खूण केली तेव्हा त्याने सोडलं.

पण लक्षात घ्या, माई म्हणाली, पोरगा पाठ सोडीत नाय. ही कौतुकाची गोष्ट आहे.

रुचिताचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही कट. डेटा माईचा. सासूच्या डेट्यावर तिच्याच पोरीशी गप्पा मारल्या तर काय छाप पडेल? त्याऐवजी घिवलीच्या फॅमिली ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकलं. आठ तास. सगळ्या गावाला दिसू दे मितेश तामोरे कुठे पोचलाय.

९ जुलै, बोटीतून

बेटं बघायला समुद्रात. रेंज नाही. उलटी झाली. मच्छीमार तामोऱ्याच्या पोराला बोट लागली म्हणून तिघी पोट धरून हसल्या. लाट वेगळी आहे इकडची, एवढंच.

उद्यापासून लीड मी करणार. माईच्या मागे मागे फिरलो तर ती मला पास कशी करणार?

१० जुलै, सकाळी

ग्रुपवर नवीन लाइव्ह लोकेशन टाकलं. खाली लिहिलं, आज सुक्या मासळीचा बाजार, फॉलो मी.

हॉटेलवाली सगळ्यांना पत्त्याचं कार्ड देत होती. बायांनी घेतलं. मी घेतलं नाही. ज्याच्याकडे मॅप आहे त्याने कार्ड घेणं शोभत नाही.

त्याच दिवशी, दुपारी, तळ्याकाठी बाकावर

एक अडचण आली आहे.

मी पुढे, त्या मागे. मी म्हटलं, लेफ्ट. चांगला ऐटीत लेफ्टला वळलो, पुढे गेलो, मागे बघितलं तर कोणी नाही. सुक्या कोळंबीच्या टोपलीपाशी थांबल्या असणार, दुसरं काय! परत फिरलो. ती गल्ली गायब. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्यांत स्कूटर. हॉटस्पॉट गेला.

घाबरलो नाही. ऑफलाइन मॅप उघडला.

उमरोळी स्टेशन. तिथून बोईसर. फाटक, बस डेपो, माझं दुकान, दुकानाशेजारचा वडापाववाला. वर वाणगावपर्यंत, डावीकडे घिवलीची खाडी. एकेक गल्ली क्लिअर. बोईसरमध्ये बसून डाऊनलोड दाबलं, त्याने बोईसरच डाऊनलोड केलं. एवढा मूर्ख फोन मी आजपर्यंत रिपेअर केला नव्हता.

एका चहावाल्या बाईला फोन दाखवून खुणेने विचारलं, मी कुठे? तिने चष्मा लावला, बोटाने मॅप मोठा केला, उमरोळीचं फाटक बघितलं, फोन परत दिला आणि फुकट चहा दिला.

हॉटेलचं नाव मेलमध्ये. मेलला नेट पाहिजे.

त्याच दिवशी, उन्हं उतरताना

तळ्याकाठी कॉफीची दुकानं आहेत. त्यांच्या वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. लांबून वाचायचा, जोडायचा, वेटर आला की पुढच्या दुकानाला. अशा फेऱ्या मारतोय. पण मेल उघडेना, ओटीपी मागतो. ओटीपी येणार माझ्या इंडियाच्या सिमवर, आणि ते सिम सेफ राहावं म्हणून दुकानाच्या गल्ल्यात ठेवून आलोय. माईला मेसेज टाकला. दोन टिक आल्या, निळ्या होईनात. तिचा फोन पर्समध्ये, पर्स काखेत, लक्ष कोळंबीवर.

ग्रुपवर मेसेज आले आहेत. रुचिताचा काका पंढरी विचारतो, तळ्याला एवढ्या प्रदक्षिणा कशाला रं, नवस बोललाय का? म्हणजे वायफाय जोडलं की तो लाइव्ह ठिपका हलतोय आणि सगळी घिवली बसून बघते आहे. उत्तर दिलं, साइटसीइंग, फार सुंदर तळं.

रुचिताचा फोन आला. कट केला. ती विचारणार कुठे आहेस, आणि मला माहीत नाही मी कुठे आहे. पुन्हा आला. कट. तिसऱ्यांदा आला तेव्हा वेटर अंगावर आला.

त्याच दिवशी, दिवे लागले

हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भीती वाटते आहे. आजूबाजूला सगळे बोलतायत आणि एक शब्द ओळखीचा नाही. बॅटरी चार टक्के. मी मॅप उघडून बसलोय, बोईसरवरून घिवलीला बोट फिरवतोय. आमच्या घरापासून रुचिताच्या घरापर्यंतचा रस्ता. तिची ओटी दिसत नाही मॅपवर, पण मला दिसते. तिने विचारलं होतं तुला काय आवडतं. मी स्टोरेज साफ केलं. गाढव आहे मी.

बॅटरी दोन टक्के. आई गं.

११ जुलै, हॉटेल

सगळं ठीक. तळ्यावरच्या लाल पुलाच्या तोंडाशी बसलो होतो, तिथे तिघी आल्या. काशीमावशीने आधी गालावर एक ठेवून दिली, मग डोक्यावरून हात फिरवला. माई म्हणाली, रुचितानं सांगलं, पुलाच्या बाजूला हाय, बसून रडतो बहुतेक. मी रडत नव्हतो. स्कूटरचा धूर डोळ्यांत जातो.

शांतपणे विचार केल्यावर कालचा दिवस सक्सेसफुल म्हटला पाहिजे. मला शोधलं कशाने? लाइव्ह लोकेशनने. ते लावलं कोणी? मी. हा पॉइंट माईला समजावून सांगितला. ती कोळंबी निवडत होती, हूं म्हणाली.

रुचिताला फोन करायला पाहिजे. पण काल एवढे कट केले, आता लगेच केला तर विचित्र वाटेल. उद्या.

१२ जुलै

आज नको. माई सारखी आसपास आहे. लांब जावं तर नेट नाही.

१३ जुलै

ग्रुपवर बत्तीस फोटो टाकले. त्यात रुचितापण आहेच. म्हणजे एक प्रकारे कॉन्टॅक्टमध्ये आहोत.

१६ जुलै, दुकान, बोईसर

पोचलो. गल्ल्यातून सिम काढलं, टाकलं, काड्या आल्या. देश तो देश.

माईने आईला कळवलं: पोरगा गरीब हाय, हरवला तरी जागा सोडून पळाला नाय, माजी ना नाय. म्हणजे पास! दुकानात दोन टेम्पर्ड ग्लास फुकट बसवून दिल्या. आई पेढे घेऊन आली. मी म्हटलं, शेवटी टेक्निकल नॉलेज कुठे वाया जात नाही.

१७ जुलै, दुकान, दुपारी

रुचिता आली होती. एकटी. माझ्या हातात गिऱ्हाइकाचा उघडा फोन.

म्हणाली, ग्रुपवर तुझा ठिपका बघत होते मी. तळ्याभोवती फिरत होतास तेव्हा फोन खाली ठेवला नाय मी. माई कुठे आहे ते सांगायला फोन करत होते, तू कट करत होतास. त्याच्या आधीही कट, नंतर तर केलाच नाहीस. एकदा तरी बोलावंसं नाय वाटलं?

मी समजावलं. हॉटस्पॉट होता, डेटा माईचा, ई-सिमचा क्यूआर त्याच फोनमध्ये. सगळं नीट ऐकून घेतलं तिने. मी म्हटलं, आता करतो ना फोन! ती म्हणाली, आता मी समोर उभी हाय.

गिऱ्हाईक खाली बघायला लागलं.

जाताना म्हणाली, माई हो म्हणाली ते माईचं. लग्न मला करायचंय. आज आठला फोन कर. फोनचं, नेटचं सोडून कायपण बोल माझ्याशी. तुझ्याबद्दल बोल. मंग सांगते.

आठला. करणारच. यात अवघड काय आहे? फोन लावायचा आणि बोलायचं.

त्याच दिवशी, साडेसात

तयारी पूर्ण. बॅटरी फुल. रेंजसाठी गच्चीवर आलोय, आईला खाली थांबवलंय. काय बोलायचं तेही ठरलंय. भीती वाटली होती हे सांगणार. चहावाल्या बाईचं सांगणार, ती हसेल. मॅपवर तिच्या घराच्या रस्त्यावरून बोट फिरवत होतो, हे सगळ्यात शेवटी. आणि आवडीचं विचारलं होतं त्याचं उत्तरही देणार. शेवगा घालून केलेलं सुक्या बोंबलाचं कालवण, आणि तू.

दोनदा म्हणून बघितलं. चांगलं वाटतं.

त्याच दिवशी, आठ वाजून पाच मिनिटं

लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

मी म्हटलं, हॅलो, आवाज येतोय का?

येतोय, म्हणाली. बोल.

मी म्हटलं, हॅलो, आवाज येतोय का?

येतोय रे, म्हणाली, चांगला येतोय. बोल ना.

तिच्या मागे समुद्राचा आवाजपण येत होता. ती थांबली होती. मी पण थांबलो होतो. गच्चीवर वाळत घातलेल्या आईच्या साडीकडे बघत होतो. चहावाली, मॅप, कालवण, एकही गोष्ट जागेवर सापडेना.

मी म्हटलं, काही नाही, रेंज चेक करत होतो.

बरं, म्हणाली. ठेवला.

रेंज फुल होती.